भिंतीआडच्या कामाला परवाना कोणाचा?

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत १९७० आणि १९८०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आज चाळिशी-पन्नाशीच्या घरात आहेत. ज्यांचा पुनर्विकास मार्गी लागला ते सभासद भाड्याच्या घरात जाऊन नव्या सदनिकेची वाट पाहत आहेत. ज्यांचा पुनर्विकास निविदा, न्यायालय आणि सभासदांतील मतभेद यांत अडकला, त्यांना आहे तेच घर राहण्याजोगे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. अशा घरांत दुरुस्तीचा पहिला हात पडतो तो न्हाणीघराला. क्षार साचून छिद्रे बुजलेला शॉवर, बंद केल्यावरही ठिबकत राहणारा नळ, सकाळी पहिल्यांदा सोडल्यावर येणारे तांबूस पाणी ही त्याची नेहमीची कारणे. दुकानात जाऊन चकचकीत नवा शॉवर निवडणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. तो कोणाच्या हातून बसवून घ्यायचा आणि काम बिघडले तर जबाबदार कोणाला धरायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या नागरी व्यवस्थेने दिलेले नाही.

वरवर पाहता शॉवर बदलणे म्हणजे आट्याचा एक जोड सोडवून दुसरा बसवणे. केवळ पुढची चाळणी बदलायची असेल तर ते खरेही आहे. परंतु गरम आणि गार पाणी एकत्र करणारा मिक्सर भिंतीत गाडलेला असतो आणि तो बदलायचा तर भिंत फोडावी लागते. भिंत फोडली की आत भेटते ती जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, म्हणजे जीआय नळी. तीस-चाळीस वर्षांत हा मुलामा झिजून गेलेला असतो आणि आतून गंजाचे थर चढून अर्ध्या इंची नळीत जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली असते. अशा नळीच्या टोकाशी नवा भाग पान्याने आवळला की सारा जोर आतल्या एल्बोवर जातो. तो तिथे तडकला तरी बाहेरून काही कळत नाही. वर टाइल बसते, कारागीर पैसे घेऊन जातो आणि काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरील घराच्या छताला पिवळसर डाग दिसू लागतो.

जाणता कारागीर म्हणूनच केवळ मिक्सर बदलत नाही; निदान न्हाणीघरापुरती तरी जुनी नळी काढून सीपीव्हीसीची नवी टाकण्याचा आग्रह धरतो. ही नळी ९३ अंश सेल्सिअसपर्यंतचे पाणी सोसते, गंजत नाही. पण तिचेही स्वत:चे शास्त्र आहे. तिचे जोड विशिष्ट द्रावणाने चिकटवावे लागतात, साध्या पीव्हीसीचे द्रावण तेथे चालत नाही, आणि चिकटवलेला जोड पुरता सुकण्याआधी पाणी सोडले तर तो कच्चा राहतो. जेथे नवी नळी जुन्या लोखंडी नळीला मिळते तेथे पितळी आट्याचा तुकडा लागतो. हे सारे झाल्यावर, टाइल बसवण्याआधी, नळीत दाबाने पाणी भरून काही तास ते तसेच ठेवून पाहायचे असते. घाईच्या कामात पहिली काट बसते ती याच चाचणीला.

दाबाचा विषय निघालाच आहे तर एक भ्रम दूर करायला हवा. पंचतारांकित हॉटेलात पाहिलेला, पावसासारखा अंगावर कोसळणारा रुंद शॉवर आपल्याही घरी हवा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्याकडे बहुतेक जुन्या इमारतींत पाणी गच्चीवरील टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार एवढा दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावरील घराचा शॉवर टाकीच्या जेमतेम तीन मीटर खाली असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला ०.३ बार येतो. रुंद शॉवरला मात्र एक बार किंवा त्याहून अधिक दाब लागतो. परिणामी हजारो रुपयांच्या शॉवरमधून धारेऐवजी थेंब पडतात आणि मग दाब वाढवणाऱ्या पंपाची गोष्ट निघते. तो पंप सामाईक नळीवर बसवायचा तर संस्थेची संमती हवी आणि त्याचा दाब जुना गीझर सोसेल का, हे आधी तपासायला हवे. दुकानदार यातले काहीच विचारत नाही. घरी येऊन आधी ‘तुमचा मजला कितवा आणि टाकी कुठे’ असे विचारणारा प्लंबर भेटला तर त्याला सोडू नये.

पाणी येण्याइतकेच पाणी जाणेही महत्त्वाचे. फरशीतील पाणी वाहून नेणाऱ्या सापळ्याला देशभरातील प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या ‘न्हाणी’ने तंत्रज्ञानाच्या परिभाषेत अशी जागा मिळवली आहे, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसेल. या सापळ्याच्या कडेला आणि भिंत व फरशी मिळतात त्या कोपऱ्यात पाणी सर्वाधिक झिरपते. जुन्या घरांत न्हाणीघराची स्लॅब खोलगट ठेवून त्यात विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट यांचा कोबा भरलेला असतो. तो एकदा फोडला की जलरोधक थर पूर्ण नव्याने द्यावा लागतो, तोही केवळ जमिनीवर न देता भिंतीवर वर चढवून. शॉवरमागच्या भिंतीवर तर माणसाच्या उंचीएवढा. त्यानंतर सापळ्याचे तोंड बंद करून फरशीवर किमान चोवीस तास पाणी साठवून ठेवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचे. या कामात नळीवाला, फरशी बसवणारा मिस्त्री आणि वीजतंत्री असे तिघे येतात आणि गळती झाली की प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या तिघांपैकी वीजतंत्र्याच्या कामाला कायद्याने परवानाधारक ठेकेदार लागतो. पालिकेचा नळजोड घ्यायचा तर तेथेही महापालिकेचा परवानाधारक प्लंबरच हवा. पण नळजोड इमारतीत शिरला, टाकीत गेला आणि तेथून तुमच्या न्हाणीघरात उतरला की परवान्याची ही व्यवस्था संपते. घरातील किरकोळ दुरुस्ती म्हणून नळ्या आणि फरशी बदलण्यास पालिकेची परवानगी सर्वसाधारणपणे लागत नाही आणि ते काम कोणी करावे याचीही अट नाही. दर वेळी पालिकेच्या खेपा घालाव्या लागू नयेत, या दृष्टीने ही सवलत योग्यच आहे. मात्र परवानगी नको याचा अर्थ पात्रताही नको, असा आपण सोयीस्करपणे लावून घेतला.

पात्रता देणाऱ्या संस्था नाहीत असे मुळीच नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘नळ कारागीर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय कौशल्य विकासाच्या चौकटीत प्लंबिंग क्षेत्रासाठीची कौशल्य परिषद प्रमाणपत्रे देते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत प्लंबिंगचा स्वतंत्र भाग आहे. पण प्रमाणपत्र मिळवलेल्या कारागिराला बाजारात चार पैसे अधिक मिळतात, असा अनुभव नसल्याने तो ते मिळवण्याच्या फंदात पडत नाही. आणि ग्राहकाने ते कधी मागितलेच नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांचा समावेश झाला. त्यांत गवंडी आहे, कुंभार आहे, कुलपे बनवणारा आहे, प्लंबर नाही. पारंपरिक कारागिरीच्या व्याख्येत तो बसत नाही हे खरे. पण शहरी घराला आज सर्वाधिक गरज कोणाची पडते, याचा विचार कोणत्या ना कोणत्या योजनेत व्हायला हवा होता.

वास्तविक या व्यवसायाचीही आपली परंपरा आहे. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील पट्टामुंडाई हा परिसर देशभरात प्लंबर पुरवणारा म्हणून ओळखला जातो. स्वातंत्र्यपूर्व काळात कोलकात्यातील इंग्रजी कंपन्यांकडे काम शिकलेल्या तरुणांपासून हे सुरू झाले, असे तेथे सांगितले जाते. काका पुतण्याला शिकवतो, पुतण्या गावातील मुलाला बोलावून घेतो, अशा साखळीतून दिल्ली, मुंबई, बंगळुरू येथील बांधकामांवर हे कारागीर पोहोचले. पट्टामुंडाईत आता सरकारी प्लंबिंग तंत्रज्ञान संस्थाही आहे. २०२०च्या टाळेबंदीत स्थलांतरित कारागीर गावी परतले तेव्हा महानगरांतील किती काम अशा अनोळखी हातांवर चालते, याची जाणीव अनेकांना प्रथमच झाली. ती फार काळ टिकली नाही, हे वेगळे सांगायला नको.

मोबाइलवरून कारागीर बोलावण्याच्या सेवांनी गेल्या दशकात एक गोष्ट साधली: येणाऱ्याचे नाव, दर आणि पावती आधी कळू लागली. नळ बदलणे, गळती थांबवणे अशा तासाभराच्या कामांना त्या उपयोगी आहेत. पण भिंत फोडून आठवडाभर चालणाऱ्या कामाचे मोजमाप तासांत होत नाही आणि कारागिराला मिळालेले तारे ग्राहकाने काम संपताक्षणी दिलेले असतात. गळती त्यानंतर सुरू होते.

गळतीचा भुर्दंड कोणी सोसायचा, याबाबत महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी बरेच स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याची किंवा बाहेरील सामाईक नळ्यांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी. सदनिकेच्या आतील इतर दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने. म्हणजे तुमच्या शॉवरमागच्या नळीतून खालच्या घराचे छत ओले झाले तर संस्थेच्या नावाने बोटे मोडून उपयोग नाही. काम सुरू करण्यापूर्वी संस्थेला लेखी कळवण्याची शिस्त अनेकांना जाचक वाटते. तथापि २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला आणि तळमजल्यावर सुरू असलेल्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला, हे विसरता येत नाही. शॉवरच्या कामाची त्याच्याशी तुलना करणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण साडेचार इंची भिंतीत आडवी लांब चर पाडणे, नळी लपवण्यासाठी तुळईला छिन्नी लावणे, ब्रेकरने स्लॅबच्या सळया उघड्या पाडणे हे प्रकार रोज घडतात. त्यांवर नजर ठेवण्याचा अधिकार आणि संधी आज फक्त संस्थेच्या कार्यकारिणीला आहे.

ग्राहकाच्या हाती काय उरते? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. मोबदला देऊन घेतलेली सेवा त्यात येते, जेथे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्कही नाही. अडचण पुराव्याची आहे. रोख रक्कम, तोंडी दर आणि भ्रमणध्वनीत ‘प्लंबर’ एवढ्याच नावाने साठवलेला क्रमांक यांवर आयोग निर्णय देऊ शकत नाही. त्यामुळे साध्या कागदावर का होईना, कोणती नळी आणि कोणता जलरोधक थर, कोणत्या चाचण्या, गळती झाल्यास किती काळ विनामूल्य दुरुस्ती, हे लिहून घेणे आणि रक्कम बँकेमार्फत देणे यात अविश्वासाचे काही नाही. चांगल्या कारागिराला असा कागद नकोसा वाटत नाही, कारण साहित्यात मागाहून काटकसर कोणी केली हेही त्यातून सिद्ध होते. अखेरचा हप्ता पाणी साठवण्याची चाचणी होईपर्यंत हाती ठेवावा. दर ठरवताना तीन ठिकाणी विचारावे हे सर्वांना माहीत आहे. पण याच कारागिराने दोन वर्षांपूर्वी केलेले न्हाणीघर प्रत्यक्ष पाहावे आणि त्या घरापेक्षाही त्याच्या खाली राहणाऱ्यांना विचारावे, हे क्वचितच कोणी करते.

घरात ज्येष्ठ नागरिक असतील तर याच वेळी उंबरठा काढून टाकणे, खडबडीत फरशी निवडणे आणि आधाराच्या दांड्या टाइलवर न चिकटवता विटेत खोल खिळवणे ही कामे करून घ्यावीत. गीझरच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक उपकरण आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. आणि टाइल बसण्यापूर्वी उघड्या भिंतीची छायाचित्रे काढून, नळी कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे आणि पाणी बंद करण्याची चावी कुठे आहे याची नोंद करून तिची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात द्यावी. पुढचा कारागीर येईल तेव्हा त्याला भिंत कुठे फोडायची, हे विचारावे लागणार नाही.