ऋतू ओळखतो तो माळी

वैशाखात नागपूरच्या एखाद्या अंगणात डोकावावे. वाफ्यातील कोथिंबीर करपलेली दिसते आणि घरधनी म्हणतो, "आमच्या गावाची हवाच वाईट!" हा दोषारोप न्यायाचा नव्हे. हवा आपला स्वभाव लपवीत नाही. तो ओळखण्याचे कष्ट माणूसच घेत नाही.

मुंबईची हवा समुद्रामुळे वर्षभर सौम्य राहते. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने त्यास तो आधार नाही. म्हणून येथे मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर चढतो, तर डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळी माती ते पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तीच भेगाळते.

आता वनस्पतींचा स्वभाव पाहावा. विदर्भात जिला 'सांबार' म्हणतात, त्या कोथिंबिरीला थंडी प्रिय. धणे रगडून कार्तिकात पेरले की वाफा हिरवागार होतो. उन्हाळ्यात मात्र ती पुरती पाने धरण्याआधीच फुलावर येते. नागपूरकडे सांबारवडीचा बेत हिवाळ्यात ठरतो, तो उगीच नव्हे! तुळशीचे याच्या उलट. पाणी मिळाले तर ती उन्हाला भीत नाही. कडाक्याच्या थंडीत कोमेजते. पुदिन्याला ओल हवी, पण साचलेले पाणी नको. म्हणून त्याचा वाफा उंच करावा, मातीत वाळू व शेणखत मिसळावे आणि उन्हाळ्यात त्यास दुपारची सावली द्यावी. कोरफड आपल्या जाड पानांतच पाणी साठविते. तिला पावसाळ्यात अतिपाण्यापासून जपावे.

कोणी म्हणेल, "हौसेला ऋतूचे बंधन कशाला? दिवसातून तीनदा पाणी घालू." परंतु विहिरी आटण्याच्या दिवसांत न जगणाऱ्या रोपावर घागरी ओतणे ही हौस नव्हे, उधळपट्टी होय. तेच पाणी तुळशीला आणि गवती चहाला दिले, तर सार्थकी लागेल.

शहाणा माळी वैशाखात धणे डब्यात जपून ठेवतो आणि कार्तिकाची वाट पाहतो. त्याचे हे थांबणे आळसाचे नव्हे. तेही बागकामच आहे.