हंसराज मेला नव्हता!

आमच्या हॉस्टेलचा दर मे महिन्यातला एक कार्यक्रम ठरलेला आहे. परीक्षा संपते, रूम रिकाम्या होतात आणि व्हरांड्यातल्या सुकलेल्या कुंड्या सरळ कचऱ्यात जातात. माझा या कार्यक्रमाला विरोध आहे. कारण गेल्या वर्षी अशी एक कुंडी मी स्वतःच्या हाताने फेकली.

त्यात मेडनहेअर फर्न होतं. केसासारखे काळे, चकचकीत देठ आणि नाजूक हिरवी पानं. चामोर्शीला आजीच्या विहिरीच्या दगडांत ते पावसाळ्यात उगवतं. मी पडले कॉन्व्हेंटची! अकरावीला ‘अ‍ॅडिअँटम’ पाठ करून मार्कही घेतले, पण विहिरीतलं हे तेच, हे डोक्यात आलं नाही. आजी म्हणाली, “हंसराज हाये तो.” मला एकदम लाजल्यासारखं झालं. मग एक रोप हॉस्टेलवर आणलं.

दोन दिवस कौतुक झालं. पुढे सबमिशन आलं, आठ दिवस पाणी नाही. आठवण झाली की एकदम मगभर. वरून फॅनची हवा. उन्हाळा लागला तशी पानं करपली आणि कुंडीत नुसती माती उरली. फेकून दिली. सुट्टीत आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मेला नाही ना वो तो, झोपून होता. पानी पडलं की निघते मंग.”

आपल्याकडचा हंसराज उन्हाळ्यात पानं टाकतो, पण मातीतलं खोड जिवंत राहतं. पावसाळ्यात नवी पानं येतात. काही पानांचं टोक मातीला टेकून तिथेच नवं रोपही धरतं. नर्सरीत मिळणारं फर्न बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या जातीचं असतं. ते बारा महिने हिरवं राहतं, त्याला सुकू देऊन चालत नाही. तरी सुकलंच, तर करपलेले देठ मुळाशी कापून माती ओलसर ठेवा. बरेचदा ते पुन्हा फुटतं.

लोक म्हणतात, हे झाड फार नखरेल. मला नाही पटत. त्याला हवं काय? थेट ऊन नको, उजेड हवा. माती ओलसर हवी, चिखल नको. तळाला विटांचे तुकडे, मातीत कुजलेला पालापाचोळा. बाथरूमच्या खिडकीतली जागा तर उत्तमच. नखरा झाडाचा नाही, अनियमितपणा आपला आहे. वर्षभर दांडी आणि पी.एल.मध्ये रात्रभर जागरण, ही आपली पद्धत त्याला चालत नाही, एवढंच.

म्हणून रेक्टर मॅडमना आणि मैत्रिणींना एक विनंती. यंदा सुट्टीत सुकलेल्या कुंड्या फेकू नका. सावलीत एका रांगेत ठेवा, माती अगदी कोरडी होऊ देऊ नका आणि पावसाची वाट बघा. जुलै संपेपर्यंत काहीच उगवलं नाही, तर खुशाल फेका.

मी आजीकडून दुसरं रोप आणलंय. सध्या कुंडीत नुसती माती दिसते. वर चिठ्ठी लावली आहे : ‘झोपला आहे. उठवू नये.’

— तृतीय वर्ष, अणुविद्युत अभियांत्रिकी