शनिवारी हेरिटेज, रविवारी रीडेव्हलपमेंट

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता मी खोताच्या वाडीत होते. माझे मित्र हे वाचून हसतील, कारण वीकएन्डला सकाळी सात नावाची वेळ असते यावर माझा विश्वासच नाही. पण मैत्रिणीच्या ऑफिसने हेरिटेज वॉक ठेवला होता, एक जागा रिकामी होती आणि ‘तू तर गिरगावची, तुला यायलाच हवं’ असा तिचा हट्ट. आता गिरगावची म्हणजे जन्माने. सध्या मी अंधेरीत दोन मुलींबरोबर फ्लॅट शेअर करते. आई मात्र अजून त्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत. वाडीपासून चालत दहा मिनिटं.

गंमत म्हणजे लहानपणी या वाडीतून मी शंभर वेळा तरी गेले असेन, वेफर्स आणायला. लोक पुढेमागे पैसे देऊन इथे चालायला येतील असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि आता आम्ही वीस जण, हातात कॉफीचे कप, माना वर, मोबाइल त्याहून वर. बाहेरच्या बाजूने चढणारे लाकडी जिने, रंगवलेले व्हरांडे, उतरती कौलं, एका दारात क्रूस आणि पलीकडे तुळस. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली आणि वाडीला त्यांचं नाव पडलं, ही गोष्ट गाइडने मस्त रंगवून सांगितली. एकेकाळी इथे अशी ६५च्या आसपास घरं होती. आता निम्मीही उरलेली नाहीत. आणि ही वाडी १९९५पासून मुंबईच्या हेरिटेज यादीत आहे, बरं का!

“यादीत असूनही जातात कशी?” आमच्यातल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने विचारलं. गाइड जरा अडखळला. उत्तर दिलं ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या एका आंटींनी. वीस अनोळखी माणसं आपल्या घराचे फोटो काढतायत याची त्यांना सवय असावी. “फोटो काडा बाबा, फोटोला पैसे नाय,” त्या म्हणाल्या. “आमच्या घराला मेडल दिलंय. पगार नाय दिला.”

सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला आमच्या चाळीच्या मीटिंगला जायचं होतं. विषय : रीडेव्हलपमेंट.

शनिवारी रात्री मी वाचत बसले. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ची. शहराच्या पातळीवर असा नियम करणारी मुंबई देशात पहिली. सहाशेहून जास्त वास्तू आणि परिसर त्या यादीत आले. त्यांना ग्रेड असतात. ग्रेड एक म्हणजे हात लावायचा नाही, फार तर मजबुती करायची. ग्रेड दोनमध्ये आत थोडंफार बदलता येतं, ग्रेड तीनमध्ये बरंच काही. आणि याशिवाय असतात प्रिसिंक्ट, म्हणजे अख्खे परिसर.

परिसराचा फंडा मला आधी नीट कळलाच नव्हता. सीएसएमटी वाचवायला हवं हे कोणालाही पटतं, ती एकटीच इमारत पुरेशी आहे. खोताच्या वाडीचं तसं नाही. त्यातलं एखादं घर उचलून ठाण्याला नेऊन ठेवलंत तर कोणी वळूनही बघणार नाही. मजा आहे ती रांगेत. दोन घरांमधल्या बोळात, एकाच्या व्हरांड्यातून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं ऐकू येण्यात, आणि कौलांच्या वर आकाश दिसण्यात. आता गोची अशी, की हा बोळ आणि हे आकाश कोणाच्याच सातबाऱ्यावर नसतं. घर विकणारा माणूस फक्त आपलं घर विकतो, पण त्या जागी टॉवर आला की रांगेतल्या सगळ्यांचं आकाश जातं. परिसर जाहीर करण्यामागची कल्पना ही, की ज्याला मालक नाही त्या गोष्टीचीही कोणी तरी राखण करावी. उंची किती, दर्शनी भाग कसा, रस्त्याची रेषा कुठे, हे एकट्या मालकाने ठरवायचं नाही.

कल्पना काही आपली एकट्याची नाही. ब्रिटनमध्ये १९६७च्या कायद्याने असे परिसर सुरू झाले, स्टॅमफर्ड नावाचं गाव पहिलं, आणि आता एकट्या इंग्लंडमध्ये असे सुमारे १० हजार आहेत. माझा एक मावसभाऊ लंडनजवळ अशाच एका गल्लीत राहतो. मागच्या अंगणातलं झाड छाटायचं तर सहा आठवडे आधी नगरपालिकेला कळवावं लागतं म्हणून तो फोनवर जाम वैतागतो. पण तिथून हलत नाही. कारण त्याचं घर त्याच्या मालकीचं आहे, दुरुस्तीचा खर्च त्याच्या खिशातून जातो आणि गल्ली छान राहिली तर फायदा त्यालाच होतो. हिशेब जुळतो.

गिरगावात तोच नियम आणा आणि बघा काय होतं. १९४७च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. तेव्हा ते गरजेचंच होतं, नाही तर माझ्या आजोबांना मुंबईत पाय ठेवायला जागा मिळाली नसती. पण आईच्या महिन्याच्या भाडेपावतीवरचा आकडा आज माझ्या एका कॉफीपेक्षा कमी आहे. एवढ्या पैशात मालक गळकं छप्पर का शाकारेल? १९६९मध्ये सरकारने सेस बसवून रिपेअर बोर्ड काढलं, तेव्हा शहरात अशा १९ हजारांहून जास्त इमारती होत्या. बोर्ड टेकू लावतं. आमच्या चाळीचे टेकू माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. लहानपणी आम्ही त्यांना धरून लपाछपी खेळायचो. ते ‘तात्पुरते’ आहेत हे मला कॉलेजात कळलं.

म्हणजे मालकाला परवडत नाही, भाडेकरूला हक्क आहे पण मालकी नाही, आणि वर हेरिटेजचं लेबल लागलं तर कमिटीची परवानगीही हवी. बाहेर वीस माणसं कॉफी घेऊन उभी. आंटींचं मेडल ते हेच. मालकांसाठी एक सोय आहे खरी. हेरिटेजमुळे जे बांधकाम करता येत नाही त्याचा टीडीआर मिळतो आणि तो दुसरीकडे विकता येतो. पण टीडीआरचे पैसे हातात आल्यावर ते कौलांवर खर्च होतीलच असं कुठे आहे? आणि भाडेकरूच्या हातात त्यातलं काहीच येत नाही.

म्हणूनच २०१२मध्ये पालिकेने नवी लांबलचक यादी आणली आणि शिवाजी पार्कसारखे परिसर त्यात घातले, तेव्हा तिथले रहिवासी खवळले. मी शाळेत होते. टीव्हीवर बघून मला वाटलं होतं, काय लोक आहेत, यांना आपल्याच पार्काचं कौतुक नाही. आता वाटतं, लिफ्ट नसलेल्या तीन मजली बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या सत्तरीच्या काकांना ‘तुमची खिडकी ऐतिहासिक आहे’ असं सांगणं हे कौतुक की शिक्षा, हे त्या काकांनाच विचारायला हवं होतं. आधी.

उलट ओव्हल मैदान बघा. २०१८मध्ये तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि त्यासाठी तिथल्या रहिवाशांच्या संघटनांनीच वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. तिथे लोकांना लेबल हवं होतं. अर्थात तिथे समोर मैदान आहे, हवेशीर मोठे फ्लॅट आहेत आणि संडास घरात आहे. वारशावर प्रेम करणं तिथे जरा सोपं जात असेल, असं माझं प्रामाणिक मत.

आणि नुसत्या लेबलाने भिंती उभ्या राहत नाहीत, याचा पुरावा तिथून पाच मिनिटांवर आहे. काळा घोड्याचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. १८९६मध्ये ल्युमिएर बंधूंचे सिनेमे मुंबईने पहिल्यांदा पाहिले ते इथे. यादीत आहे, ग्रेड आहे, जगातल्या धोक्यातल्या शंभर वारसास्थळांतही नाव लागून झालं. २००५मध्ये त्याचा एक भाग कोसळला आणि २०१९मध्ये इमारत रिकामी करावी लागली. मात्र त्याच काळा घोड्याच्या परिसरात १९९९पासून फेस्टिव्हल भरतो आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशांतून आसपासच्या जुन्या वास्तूंची डागडुजीही झाली आहे. आपण सगळे तिथे सेल्फी काढून आलो आहोत. म्हणजे बघायला येणाऱ्यांच्या खिशातून दुरुस्तीसाठी पैसे निघू शकतात. आमच्या शनिवारच्या वॉकची फी वीस जणांची मिळून बऱ्यापैकी होती. त्यातला एक रुपयाही आंटींच्या कौलांपर्यंत पोचला नाही, हे मी गाइडला विचारून खात्री केली. त्याचाही दोष नाही. तशी पद्धतच नाही.

तर रविवार.

चाळीच्या पटांगणात, जिथे गणपती बसतो, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. बिल्डरकडचा एक गोड बोलणारा माणूस लॅपटॉप घेऊन आलेला. पडद्यावर बावीस मजल्यांचा टॉवर. त्याच्या नावात ‘हेरिटेज’ हा शब्द, हे मी मनाने घालत नाहीये. प्रत्येकाला निदान ३०० चौरस फूट कार्पेट, आत टॉयलेट, दोन लिफ्ट. ५१ टक्के भाडेकरूंची संमती झाली की काम पुढे. आईच्या दोन खोल्या मिळून २२० होतात. टॉयलेट गॅलरीच्या टोकाला, सात बिऱ्हाडांत दोन. पावसाळ्यात रात्री तिथपर्यंत जाताना आई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने कठडा धरते. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं लांबलंय, कारण ऑपरेशननंतर तीन जिने चढायचे कसे, याचं उत्तर आमच्याकडे नाही.

हे सगळं माहीत असूनही मी हात वर केला. म्हटलं, आमच्या मागच्या गल्लीत अजून पाच-सहा कौलारू घरं आहेत, समोर दोन मजली चाळ आहे, मधे बावीस मजले आले तर त्यांचं काय? उंची कमी ठेवून, रस्त्याकडचा भाग तसाच ठेवून, मागे बांधता येणार नाही का?

शांतता. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “तू अंधेरीला लिफ्टनेच वर जातेस ना गं?”

खरं सांगते, मला कान गरम झाल्यासारखं वाटलं. शनिवारी दुसऱ्यांच्या कौलांवर जीव टाकून रविवारी मी स्वतःच्या आईला तीन जिने चढायला लावत होते. पण प्रश्न चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही. मागच्या गल्लीतली माणसं त्या मीटिंगला नव्हती. असणार कशी? प्लॉट त्यांचा नाही. आमच्या ५१ टक्क्यांत त्यांचं एकही मत नाही आणि त्यांची गल्ली कुठल्याच यादीत नाही. आमची चाळ उद्या गेली तर पुढचा नंबर त्यांचाच, कारण टॉवरच्या सावलीत कौलारू घर सांभाळण्यात कोणाला रस उरेल? मला वाटतं, परिसर ठरवायचाच तर अशा ठिकाणी ठरवायला हवा, आणि टेकू माझ्या वयाचे व्हायच्या आत. लेबलाबरोबर दुरुस्तीचे पैसे यावेत, घरात टॉयलेट काढायची आणि बाहेर लिफ्ट बसवायची परवानगी पहिल्या दिवशी मिळावी, आणि यादीत घालायचं की नाही हे विचारायला कोणी तरी जिने चढून वर यावं. एवढं झालं असतं तर आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी तरी पडद्यावरच्या टॉवरकडे दोनदा बघितलं असतं. कोणीच आलं नाही. आला तो लॅपटॉपवाला.

बिल्डरच्या माणसाने माझं म्हणणं हसून ‘नोट’ केलं. मग सह्या सुरू झाल्या. पावती आईच्या नावावर, सहीही तिचीच. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे नाही. पेन हातात घेऊन तिने त्याला विचारलं, “नव्या घरात गॅलरी असेल का हो?”

“असेल ना काकू, बाल्कनी आहे.”

“बाल्कनी नव्हे. गॅलरी. सगळ्यांची एक असते ती.”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “हां, कॉमन पॅसेज! तो आहे, तो आहे.”

आईने चष्मा पुसला, कागद मांडीवर सरळ केला आणि सही केली. नंतर आम्ही वर आलो, मधल्या जिन्यावर दोनदा थांबत. शेजारच्या काकूंनी पोहे पाठवले होते, गॅलरीतूनच, झाकण घालून.