दार कोणीकडे उघडावे?

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे. आणि तो प्रकाशयोजनेचा नाही, बार काउंटरच्या लांबीचा नाही, तर एका दाराचा आहे. मायक्रोब्रूअरी, बार आणि उपाहारगृह अशा तिहेरी वास्तूची अंतर्रचना ज्यांनी अंगावर घेतली आहे, त्यांना ते दार कोणते हे सांगावयास नको. फर्मेंटरच्या खोलीचे ते मागचे दार, जे अग्निशमनाच्या नकाशावर असलेच पाहिजे आणि अबकारीच्या नकाशावर असताच कामा नये!

एका वाचकाच्या आग्रहावरून आम्ही अशी एक जागा स्वतः पाहून आलो. दाराची चौकट तशीच ठेवून तिच्यात विटा रचलेल्या होत्या. गिलावा पुरता सुकलेला नव्हता आणि काढलेल्या बिजागऱ्यांच्या खाचा लाकडात स्पष्ट दिसत होत्या. ‘प्रवेश एकच, तोही कुलपात’ असा शेरा अबकारी अंमलदारांनी मारला म्हणून दार बुजवले; बुजवल्यावर पाहणीस आलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी ते नाही म्हणून ना-हरकत दाखला रोखला; आणि पुन्हा उघडावे तर मंजूर नकाशात फेरफार होतो, म्हणून नवा अर्ज, नवा नकाशा, नवी मुदत. काचेपलीकडे 1000 लिटरच्या चार टाक्या कोऱ्या उभ्या, अलीकडे टेबलांवर पालथ्या घातलेल्या खुर्च्या, आणि भाडे मात्र चालू.

शुल्क चुकवून माल मागच्या दाराने जाऊ नये, ही अबकारी खात्याची काळजी रास्त आहे. परंतु त्या खोलीत काय घडते, हे शेरा मारणाराने एकदा तरी समजून घ्यावयास हवे. 1000 लिटर बिअर आंबताना सुमारे 40 किलो, म्हणजे 20 घनमीटरांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि टाकीचे तोंड धुण्यास वाकलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्यानंतरही बाहेर पडावयाच्या वाटेवर दोन खात्यांचे एकमत होऊ नये, हे अक्षम्य आहे.

उपाय अवघड नाही. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. बाहेरून मूठ नसावी, आतून पॅनिक बार असावा. त्यावर अबकारी खात्याने आपले क्रमांकित सील लावावे आणि दाराला घंटा जोडावी. दार उघडले तर सील तुटेल, तुटलेल्या सीलचा जाब परवानाधारक देईल. माणूस मात्र जिवंत बाहेर येईल. दोन्ही अंमलदारांनी एकाच दिवशी संयुक्त पाहणी करून एकाच नकाशावर सह्या कराव्यात, एवढीच आमची मागणी आहे.

तथापि सगळा दोष कचेरीवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यातले कित्येक जण अजूनही आधी आसने मांडतात आणि उरलेल्या कोपऱ्यात टाक्या बसवतात. ब्रूमास्टरला बोलावतात ते काच बसल्यानंतर. भरलेली टाकी चार पायांवर सव्वा टनाहून अधिक भार टाकते, हे स्लॅबला विचारलेले नसते. गरम कॉस्टिकने टाक्या धुतल्या जाणार हे ठाऊक असून चकाकीसाठी इपॉक्सी ओतले जाते, आणि ते फुगून सुटू लागले की ठेकेदाराला बोल लावला जातो. तिथे पीयू काँक्रीट हवे, निचऱ्याकडे 50 ला 1 उतार हवा, वायूचा डिटेक्टर गुडघ्याच्या उंचीला हवा. 2009 साली पुण्यात ‘डुलाली’ ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली, तेव्हा हा धंदा सर्वांनाच नवा होता. आज ही सबब कोणासही शोभत नाही.

ज्या सभासदांच्या नकाशांवर दाराविषयी परस्परविरोधी शेरे पडले असतील, त्यांनी नकाशाच्या त्या भागाची नक्कल, दोन्ही शेरे आणि तारखा जशाच्या तशा महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवाव्यात. मालकाचे व जागेचे नाव झाकले तरी चालेल, अंमलदाराचा हुद्दा मात्र वाचता आला पाहिजे. पन्नास नकला जमल्या की निवेदन घेऊन मंत्रालयात जाण्याची जबाबदारी आमची.