पोट दुखतं, की वाचता येत नाही?

पावसाळ्यात आमच्या ओपीडीत पोटदुखीची लहान मुले वाढतात. जंत, गढूळ पाणी, उघड्यावरचे खाणे ही कारणे असतातच. पण काही पोटे फक्त शाळेच्या वेळी दुखतात. रिद्धपूरकडच्या एका खेड्यातून एक आजी दुसरीतल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. "साहेब, रोज सकाळी पोट दुखते म्हणते. शाळेची घंटा होऊन गेली की मंग मजेत खेळते." तपासले तर पोट मऊ, ताप नाही, वजन बरे. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवून त्याला वाचायला सांगितले. तो उठला आणि कागदाला नाक लागेल इतका जवळ गेला. आजी ओशाळून म्हणाल्या, "त्याले वाचता येत नाई. शाळेतून सांगते, घरी लक्ष द्या. मीच अंगठेबहाद्दर, मी काय लक्ष देऊ?"

डोळ्यांचा नंबर निघाला, चष्मा लागला. प्रश्न अर्धा सुटला. उरलेला अर्धा आजींच्या त्या वाक्यात आहे.

बोलणे मूल आपोआप शिकते, वाचणे तसे नाही. माणूस लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळे केंद्र तयार होत नसते. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाचा एक कोपरा, डाव्या बाजूला मागे-खाली, अक्षरांसाठी कामाला लावावा लागतो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांनी यावर मोठे काम केले आहे. हा कोपरा तयार व्हायला सराव लागतो, वर्षे लागतात. त्यातून आपली लिपी! 'कि'ची वेलांटी लिहायची आधी, म्हणायची नंतर. उकार खाली, मात्रा वर, आणि जोडाक्षरे आली की अर्धी अक्षरे एकमेकांच्या अंगाखांद्यावर. दुसरीतले मूल यात अडखळले तर ते 'ढ' ठरत नाही.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात या वर्गांची उद्दिष्टे आखून दिली आहेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०, तेही अर्थ समजून. यातला वेगाचा आकडा पालकांना तेवढा पटकन कळतो. मोबाइलवर सेकंद मोजत मुलाला धावायला लावणारे वडील मी पाहिले आहेत. तसे करू नका. वेग हवा तो एवढ्यासाठी, की एकेक अक्षर जुळवण्यात मुलाची शक्ती संपली तर वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरलेली असते. वेग सरावाने येतो, धाकाने नाही.

गणितातही अशीच एक खाच आहे. 'पंचवीस' ऐकताना आधी पाच, मग वीस; लिहिताना मात्र आधी दोन. मूल ५२ लिहिते आणि मार खाते. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचनही दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! नावे बदलावीत का यावर वाद होऊ शकतो, अडचण मात्र खरी आहे. संत्री दहा-दहाच्या ढिगांत मांडून मोजायला लावा. दोन ढीग आणि वर पाच हे हाताला कळले की लिहिण्यातली उलटापालट कमी होते.

आता आजींचे. वाचता येण्यासाठी आधी पोतडीत शब्द लागतात, आणि ते घरी बोलण्यातून येतात. 'बैल' हा शब्द जुळवून वाचल्यावर डोळ्यांसमोर बैल उभा राहतो, कारण तो आधी ऐकलेला, पाहिलेला असतो. वावर, पऱ्हाटी, बंडी, ढोरं यांच्या गोष्टी सांगणारी आजी ही पोतडी भरत असते. ती वऱ्हाडीत बोलते म्हणून बिघडत नाही. 'मले' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात 'मला' भेटते. तो फरक गोडीने दाखवावा. 'नीट बोल' म्हणून दर वाक्याला टोकले तर मूल बोलायचेच थांबते. रिद्धपूरच्या माणसांना हे पटायला हरकत नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसांकडे जाऊन, त्यांच्या तोंडच्या आठवणी ऐकून 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते इथेच. महानुभाव पंथाच्या आचार्यांनी ग्रंथ संस्कृतऐवजी मराठीत लिहायला लावले, तेही म्हाताऱ्याकोताऱ्या वंचित राहू नयेत म्हणून. आज त्याच गावाला मराठी भाषा विद्यापीठ आहे.

तीच युक्ती घरी करता येते. मुलाने दिवसभरात घडलेले चार वाक्यांत सांगावे, मोठ्या बहिणीने ते त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहावे, मग त्याने वाचावे. आशय आधीच ठाऊक असल्याने वाचायची भीती जाते. घरात कोणालाच लिहिता येत नसेल तर मुलाने पुस्तकातले पान आजीला मोठ्याने वाचून दाखवावे आणि आजीने विचारावे, "मंग पुढं काय झालं?" दहा मिनिटे पुरतात. एकच शब्द पन्नास वेळा लिहून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

शरीराकडेही बघा. वारंवार सर्दी होऊन कान वाहत असेल तर 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख' सारखेच ऐकू येऊ शकतात. मग लिहिण्यातही तीच चूक होते. कानात गरम तेल घालू नका, दाखवायला आणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरपैकी सुमारे ६९ मुलांत रक्त कमी आढळले होते. त्यातली बरीच आज प्राथमिक वर्गांत आहेत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी आणि जंताची गोळी चुकवू नका. झोप नऊ तासांच्या खाली नको. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे शासनाने २०२४ मध्ये ठरवले, ते झोपेसाठीच. रात्री अकरापर्यंत मोबाइल दिला तर त्या निर्णयाचा उपयोग काय?

आणि एक काम आजच करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांना तपासते. दोष आढळला तर पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळते, इलाजही मोफत होतो. त्या आजींच्या नातवाची अशी चिठ्ठी दप्तराच्या तळाशी, भाकरीच्या चुऱ्यात, चार महिने पडून होती.