डेरिंग-डू: एका चुकीचं शौर्य

'डेरिंग-डू' म्हणजे बेधडक साहस. लोक म्हणतात, हा अस्सल मध्ययुगीन सरदारी शब्द. अस्सल? कसला डोंबलाचा!

१३८०च्या दशकात चॉसरने ट्रॉयलसबद्दल लिहिलं ते साधंच होतं: सरदाराला शोभेल ते 'करायला धजणं'. पंधराव्या शतकात लिडगेटने त्याची री ओढली. सोळाव्या शतकात लिडगेटचं काव्य छापताना स्पेलिंग बिघडलं. १५७९मध्ये स्पेन्सरने ते चक्क नाम म्हणून वापरलं, अर्थ 'मर्दुमकी'! पुढे स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'ने ते रूढ केलं.

म्हणजे छपाईची चूक अधिक कवीचा गैरसमज. तरी शब्द कोशात ऐटीत बसलाय. घरातल्या पोरांच्या इंग्रजीवर लाल रेघा ओढणाऱ्या मंडळींनो, आधी ही चूक खोडून दाखवा. नाहीतर पोरांना धजू द्या की!