दुर्बीण, कॅमेरा आणि मधलें अंतर

शाळेंत असतांना आम्ही मुलांस एक गोष्ट वारंवार सांगत असूं. उत्तर चुकलें तर आधीं गुणाकार तपासूं नये, आधीं उदाहरण पुन्हां वाचावें. कारण पुष्कळशा चुका आंकडेमोडींत नसून, काय विचारलें आहे हें नीट न पाहिल्यामुळें झालेल्या असतात. इतरांस शिकविलेली ही गोष्ट स्वतःस लागू करण्याचा प्रसंग निवृत्तीनंतर आमच्यावर आला, आणि तोहि आकाशांतील ताऱ्यांच्या निमित्तानें. हल्लीं दुर्बिणीस कॅमेरा जोडून आकाशाचीं छायाचित्रें घेण्याचा नाद पुष्कळ तरुणांस लागला आहे. त्यांच्या व त्यांच्या घरच्या वडील माणसांच्या उपयोगीं पडेल म्हणून ती हकीकत येथें देतों.

आमच्या पुतण्यास लहानपणापासून आकाशाचें वेड. नोकरी लागल्यावर दोन वर्षें पैसे सांठवून त्यानें ८० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची व ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची एक दुर्बीण घेतली. शिवाय आकाशचित्रणाचा कॅमेरा आणि ज्यास फ्लॅटनर म्हणतात तें समतलक भिंग, हींहि घेतलीं. त्याचे वडील, म्हणजे आमचे धाकटे बंधु, या खर्चावर नाराज होते. आम्हीं मध्यें पडून त्यांची समजूत घातली, त्यामुळें यंत्र नीट चालण्याची जबाबदारी कांहीं अंशीं आमच्यावरहि येऊन पडली.

समतलकाबरोबरच्या कागदावर एक सूचना ठळक छापलेली होती : समतलकापासून कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राहक पट्टिकेपर्यंत अंतर ५५ मिलिमीटर असावें. कॅमेऱ्याच्या तोंडापासून आंतील पट्टिका १७.५ मिलिमीटर आंत होती. राहिले ३७.५. तेवढी लांबी भरून काढण्यासाठीं एका हौशी गृहस्थाकडून आट्यांचीं दोन जुनीं कडीं आणलीं. त्यांवर मापाचे आंकडे नव्हते. मापण्याचें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें. फुटपट्टीनें एक कडें २०.५ भरलें, दुसरें १७. बेरीज ३७.५. उत्तर इतकें तंतोतंत जुळल्यावर शंका घेण्याचें कारणच उरलें नाहीं.

कार्तिक वद्य अमावास्येच्या रात्रीं आम्ही दोघे पानशेत धरणाच्या पलीकडे एका उघड्या माळावर गेलों. देवयानी नक्षत्रांतील प्रसिद्ध दीर्घिका उत्तरेस उंच आली होती. ती आपणांपासून सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें दूर. तरी तिचा आकाशांतील विस्तार सुमारें ३ अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारीं शेजारीं मांडावे एवढा. पुतण्यानें ३ मिनिटांचें एक अशीं ४० चित्रें घेतलीं. आम्ही शाल गुंडाळून त्याच्या शेजारीं बसलों होतों.

दुसऱ्या दिवशीं संगणकावर तीं एकत्र केल्यावर मधली दीर्घिका सुरेख दिसली; पण चारी कोपऱ्यांतील तारे लांबट झालेले, जणु कोणीं मध्यापासून बाहेरच्या बाजूस बोटानें पुसले आहेत. आम्हीं चित्र पाहतांच निकाल दिला, “फोकस नीट केला नाहींस.”

तो म्हणाला, “काका, मध्यभागीं तारे टांचणीच्या टोंकासारखे आहेत. फोकस चुकला असता तर तेहि फुगले नसते का?”

प्रश्न बरोबर होता. आम्हीं त्याचा विचार केला नाहीं. “तुझी घाई नेहमींचीच,” एवढें बोलून विषय संपविला. पुढच्या अमावास्येस त्यानें बाहतिनोव्ह जाळी दुर्बिणीच्या तोंडावर बसवून फोकस पुन्हां पुन्हां तपासला. चित्र तसेंच आलें. मग त्याचा धीर सुटला. भिंगच सदोष असावें अशी समजूत करून घेऊन त्यानें दुर्बीण विकावयास काढली. घेणारे गृहस्थ रविवारीं येणार असेंहि ठरलें. बंधु कांहीं बोलले नाहींत, पण त्यांचा चेहरा बोलत होता.

शनिवारीं संध्याकाळीं सामान खोक्यांत भरण्यापूर्वीं पुतण्या एकेक भाग पुसून ठेवीत होता. तीं दोन कडीं त्यानें एकांत एक फिरवून आमच्यापुढें ठेविलीं. फुटपट्टी शेजारींच होती. सहज चाळा म्हणून आम्हीं ती जोडी मापली, तों ती ३३.५ भरली. सदतीस पूर्णांक पांच दशांशांतले चार मिलिमीटर गेले कोठें? क्षणभर आमचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मग लक्षांत आलें. पहिल्या कड्याच्या टोंकाचे आटे दुसऱ्याच्या पोटांत गेले होते. आम्हीं कडें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत, आट्यांसकट मापलें होतें. आणि आटे तर जोडणींत शेजारच्या भागांत शिरून नाहींसे होतात! दुसऱ्या कड्याचे आटेहि असेच पुढच्या भागांत शिरणार. म्हणजे दोन्ही मिळून ८ मिलिमीटर हिशेबांत खोटे. आमचे ५५ प्रत्यक्षांत ४७ च होते.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. दुर्बिणीचें भिंग ताऱ्यांची प्रतिमा सपाट पृष्ठावर पाडीत नाहीं. ती बशीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. कॅमेऱ्याची पट्टिका मात्र पाटीसारखी सपाट. बशी पाटीवर ठेविली असतां तिचा मध्य टेंकतो, कडा वर राहतात. त्याप्रमाणें मध्याचे तारे रेखीव आले कीं कडेचे बिघडतात. एकोणिसाव्या शतकांत व्हिएन्ना येथील गणिती योझेफ पेट्झव्हाल यांनीं या वक्रतेचें गणित मांडलें, म्हणून तिच्याशीं त्यांचें नांव जोडलेलें आहे. समतलक भिंगाचें काम ही बशी सपाट करण्याचें. परंतु तें काम त्यास ठराविक अंतरावरच साधतें. जाड नंबराचा चष्मा नाकावरून खालीं घसरला म्हणजे कांचा त्याच असून अक्षर बदलतें, हा अनुभव आमच्या वयाच्या वाचकांस नवा नाहीं. समतलकाचें तसेंच.

फोकसचें चाक फिरवून हा दोष कां जात नाहीं, हेंहि आतां उघड होईल. तें चाक समतलक व कॅमेरा या दोघांस मिळून पुढें-मागें सरकवितें. त्या दोघांमधलें अंतर त्यानें केसभरहि बदलत नाहीं. तेव्हां फोकस उत्तम असून अंतर चुकलेलें, ही गोष्ट पूर्णपणें संभवते. आमच्या पुतण्याचा प्रश्न नेमका हाच होता, आणि त्यास आम्हीं घाईचा शेरा दिला होता.

५५ हाच आंकडा कोठून आला, अशी जिज्ञासा वाचकांस होईल. जपानांतील टॅमरॉन कंपनीनें १९५७ सालीं कोणत्याहि कॅमेऱ्यास आपलें भिंग बसावें म्हणून एक जोडणी काढली. तिला टी-माउंट म्हणतात. तींत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर ५५ मिलिमीटर धरलेलें होतें. कॅनन ईएफ जातीच्या कॅमेऱ्यांत बैठकीपासून पट्टिका ४४ मिलिमीटरवर असते, म्हणून त्याचें जोडकडें ११ मिलिमीटरचें; निकॉन एफ जातींत ४६.५, म्हणून ८.५ चें. दोन्हींची बेरीज ५५ च. पुढें दुर्बिणींच्या पुष्कळ समतलकांस तोच आंकडा चालू राहिला. मात्र तो सर्वांस लागू समजूं नये. सेलेस्ट्रॉनच्या ८ इंची एजएचडी दुर्बिणीस हें अंतर १३३.३५ मिलिमीटर लागतें. ज्याचा त्याचा कागद वाचणें हाच खरा मार्ग.

कागद वाचतांना केवळ ‘किती’ हें पाहून भागत नाहीं; ‘कोठून’ व ‘कोठपर्यंत’ हींहि पहावीं लागतात. संस्कृत शिकविणाऱ्या माणसास पंचमीचा विसर पडावा, हें आम्हांस फारच लागलें. समतलकाचें अंतर बहुधा त्याच्या शेवटच्या आट्यांच्या मुळाशीं असलेल्या सपाट खांद्यापासून मोजावयाचें असतें; आट्यांच्या टोंकापासून नव्हे, आणि कांचेपासूनहि नव्हे. कडेंहि खांद्यापासून समोरच्या तोंडापर्यंत, आटे वगळून मोजावें. फुटपट्टी येथें पुरेशी नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंत मुलें हाताळतात तो व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. त्यानें मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत खात्री होते.

आमच्या कपाटांत एक जुना व्हर्नियर होता. त्यानें मापल्यावर कडीं १६.५ व १३ भरलीं. कॅमेऱ्याचे १७.५ धरून एकूण ४७, म्हणजे ८ मिलिमीटर कमी. शिवाय पुतण्यानें कड्याच्या आंत २ मिलिमीटर जाडीचा एक फिल्टर बसविला होता. कांचेंतून जातांना किरणांचें वक्रीभवन होऊन प्रतिमा कांचेच्या जाडीच्या सुमारें एकतृतीयांशानें मागें सरकते. म्हणून फिल्टर समतलक व पट्टिका यांच्यामध्यें असेल तर तितकें अंतर वाढवावें लागतें; २ मिलिमीटरच्या फिल्टरास सुमारें ०.७. तेव्हां आम्हांस पाहिजे होते ५५.७, आणि तूट होती ८.७ ची.

रविवारच्या गृहस्थांस पुतण्यानें फोन करून नम्रपणें नकार दिला. ३ व ५ मिलिमीटरचीं दोन तयार कडीं मागविलीं, आणि उरलेल्या ०.७ साठीं ०.५ व ०.२ च्या पातळ चकत्या घेतल्या. पुढच्या अमावास्येस पुन्हां त्याच माळावर गेलों. या खेपेस आधीं दाट ताऱ्यांच्या भागाचें ३० सेकंदांचें एक चित्र घेऊन, तें मोठें करून चारी कोपरे पाहिले. तीन कोपऱ्यांत तारे वाटोळे होते. चौथ्यांत किंचित् तिरपे. एकच कोपरा बिघडलेला असेल तर दोष अंतराचा नसून जोडणी कलल्याचा असतो. एक कडें पुरतें बसलें नव्हतें. तें घट्ट केल्यावर तोहि कोपरा सुधारला.

ज्यांस हा प्रयोग करावयाचा आहे त्यांनीं एक खूण लक्षांत ठेवावी. चारी कोपऱ्यांतील तारे मध्यापासून बाहेर ओढल्यासारखे दिसले तर बहुधा पट्टिका समतलकाच्या फार जवळ आहे, अंतर वाढवावें. तेच तारे मध्याभोंवतीं प्रदक्षिणा घातल्यासारखे वळलेले दिसले तर बहुधा अंतर जास्त आहे, कमी करावें. समतलकांच्या जाती अनेक असल्यामुळें ही खूण वेदवाक्य मानूं नये. अर्धा मिलिमीटर बदलावा, चित्र घ्यावें, कोपरे पहावे व वहींत टिपून ठेवावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पट्टिका लहान असेल तर थोडी चूक खपून जाते, कारण बशीचा कांठ तिच्यापर्यंत पोहोंचतच नाहीं. पट्टिका मोठी व दुर्बीण शीघ्र असेल तर अर्धा मिलिमीटरहि दिसतो.

देवयानीचें तें दुसरें चित्र आतां बंधूंच्या बैठकींत लावलेलें आहे. येणाराजाणारास तें तेच कौतुकानें दाखवितात. पहिलें बिघडलेलें चित्र आम्हीं पुतण्याकडून मागून घेतलें आणि आमच्या टेबलाच्या खणांत ठेविलें आहे. माळावरून परततांना आम्हीं त्यास म्हटलें होतें, “बाळ, चूक आमची होती, तुझा प्रश्न पहिल्याच दिवशीं बरोबर होता.” तो हंसला व म्हणाला, “काका, बेरीज मात्र तुमची अगदीं बरोबर होती.” इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतर मिळालेला हा शेरा आम्हीं मुकाट्यानें पदरीं घेतला.